प्लेटांचा की दात्यांचा

त्या वर्षी आमच्या घरात दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आणि त्यामुळे मला दिवसभर बोलावं लागत होतं. एक अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दुसरा बसूदादा, माझा थोरला भाऊ. परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या अंगाला आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आजही आहे. दुकानाच्या पाठीमागे पत्र्याची शेड, शेडपुढं चिंचेचं झाड असलेलं अंगण, अंगणापलीकडं घर. अप्पा काउंटरवर, दादा शेडमध्ये, माय चुलीपुढं, आणि बारावी होऊन घरी बसलेली मी या तिघांच्या मधून फिरणारी. दिवसभर पत्र्यावर चिंचेचा पाला पडायचा, रस्त्यानं हमाल ओरडत जायचे, शेडमधून हातोडीचा ठोका यायचा, आणि या सगळ्यात मधेच "उमे!" अशी हाक. हाक कुठून आली हे आवाजावरून कळायचं, आणि दुसऱ्या टोकाला काय पोचवायचं आहे हेही बहुतेकदा.

बोलणं का बंद झालं ते सांगते, आणि तो विषय तिथंच ठेवते. आमचं घर लिंगायत. अप्पा सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बसले की दुकानात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा पायरीवर थांबायचं. उन्हाळ्यात एकदा दादा चालू इंजिनावर वाकलेला असताना त्याच्या गळ्यातला दोरा पंख्याच्या पट्ट्यात गेला. दोरा तुटला म्हणून मान वाचली. लिंग शेडच्या कोपऱ्यात सापडलं, त्याला काही झालं नव्हतं. दादानं ते पुसलं, मायच्या हातात दिलं आणि म्हणाला, "देवापाशी ठेव. काम करताना नको." दुसऱ्या दिवशी त्यानं ते घातलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी जेवायला आपला पाट समोरच्या भिंतीला मांडून घेतला आणि ताटाकडं बघत मला म्हणाले, "उमे, तुझ्या भावाला विचार, डिझेल पंपाचा माल आला का." दादा तीन हातांवर बसून अंबाडीची भाजी खात होता. मी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "न्हाई आला म्हणावं." तिथून सुरुवात झाली. मायनं पहिल्याच दिवशी हात वर केले होते: "मला मधी घालू नका. मला भाकरी करायच्यात."

दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू जायचं, तरी उत्तर मी बोलल्यावरच द्यायचं, असा नेम आपोआप पडून गेला. आणि मी मूळ बोलणं तसंच्या तसं कधी पोचवायची नाही. अप्पा म्हणायचे, "त्याला सांग, पाना जागेवर ठेवत जा. बापाचं दुकान हाय, धर्मशाळा न्हाई." मी दादाकडं वळून म्हणायची, "दादा, पाना दिसंना म्हणतेत अप्पा." दादा गाडीखालून म्हणायचा, "पाना त्यांच्याच बुडाखाली हाय म्हणावं." मी म्हणायची, "अप्पा, तुमच्याजवळच असंल म्हणतो." अप्पा गंभीर चेहऱ्यानं "हां, असंल," म्हणत उठायचे आणि खुर्चीवरच्या पोत्याखालून पाना काढायचे. गिऱ्हाइकं हसायची. एकानं तर विचारलं, "अप्पा, पोरीला वकिलीला घालायलाव काय?"

इथं एक गोष्ट कबूल करायची आहे. मला ते दिवस आवडत होते. त्याआधी अप्पा माझ्याशी फारसं बोलत नसत. वाईट वागत नसत. मुलीशी बापानं काय बोलावं याचा त्यांच्याकडं साठाच नव्हता. आता मात्र दिवसातून कितीतरी वेळा ते माझं नाव घ्यायचे, माझ्या तोंडाकडं बघायचे, मी काय म्हणते याची वाट बघायचे. दादाचं म्हणणं असलं तरी आवाज माझा होता. घरात दुःख होतं, माय रात्री देवापाशी ठेवलेल्या त्या लिंगाला आपल्या लिंगासोबत भस्म लावायची, आणि मी त्याच घरात सुखानं झोपायची.

आता गाडीकडं येते. अप्पांनी आयुष्यात एकच चैन केली. माल आणायला हैदराबादला गेले असताना एका जुन्या हवेलीच्या मागं ताडपत्रीखाली एक लाल, उघडी, विलायती शर्यतीची गाडी त्यांना दिसली आणि ते ट्रकवर घालून ती घेऊन आले. मायनं ओवाळायला नकार दिला. "ह्याच्यात बसायचं का झोपायचं?" म्हणाली, इतकी ती बुटकी. ही गाडी नीट करणं हे अप्पांचं आणि दादाचं मिळून काम होतं, आणि बोलणं तुटलं तरी ते काम तुटलं नाही. दुपारी दुकान थंड पडलं की अप्पा शेडमध्ये यायचे, दोघं दोन बाजूंनी वाकायचे, आणि मी मधे उभी.

पावसाळ्याच्या मध्यावर गाडी चालायला लागली आणि अप्पा तिला आमच्या पिंगळीच्या शेतावर घेऊन गेले. डांबरी रस्ता संपून शेताची वाट लागली, तिथंच गाडी फसली. मागचं एक चाक काळ्या मातीत भिरभिर फिरायला लागलं, दुसरं जागचं हललं नाही. शेजारच्या शेतातला दिगंबरकाका ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी बांधली, आणि ओढता ओढता म्हणाला, "अप्पा, लय देखणी हाय. आता तिला चालायचं तेवढं शिकवा." अप्पा घरी आले ते चिखलासकट. पाय धुता धुता मला म्हणाले, "त्याला सांग, डिफरन्शिअल बदलावं लागंल."

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून मागच्या दोन चाकांच्या मधोमध दात्यांचा एक गोळा असतो, तोच डिफरन्शिअल. तो दोघांना आपापल्या वेगानं फिरू देतो. त्याची खोड अशी, की एक चाक चिखलात सुटलं की तो सगळी धाव त्या सुटलेल्या चाकालाच देऊन बसतो, आणि कोरड्यावरचं चाक नुसतं बघत राहतं. ट्रॅक्टरला याच्यावर टाचेखाली एक खटका असतो. दाबला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात, आणि वळायच्या आधी टाच उचलायची हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारच्या वेल्डरनं सुचवलं, आतले दाते एकमेकांना वेल्ड करून टाका, कायमचा खटका. यावर अप्पा आणि दादा एकाच वेळी माझ्याकडं वळून "येडा हाय का त्यो?" म्हणाले. तशी गाडी सडकेच्या वळणावर वळायलाच नको म्हणते. कित्येक दिवसांत दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

मग हैदराबादच्या जुन्या मालवाल्या चाचांचा फोन आला. त्यांच्याकडं या गाडीत बसतील असे दोन डिफरन्शिअल होते, दोन्ही चाक सुटू न देणारे, पण रीत वेगळी. एकात आत पातळ प्लेटांची चवड असते, त्या एकमेकींवर दाबून बसतात आणि सुटणाऱ्या चाकाला धरून ठेवतात. दुसऱ्यात सगळे तिरपे दातेच, ते एकमेकांत असे अडकतात की जोर आपसूक पकड असलेल्या चाकाकडं जातो. अप्पांना दात्यांचा हवा होता. "प्लेटा झिजतात. दर थोड्या दिसानं उघडा, मोजा, बदला. दात्यांचा एकदा बसवला की मरेपर्यंत तोंड बघायचं काम न्हाई." दादाला प्लेटांचा हवा होता. "त्यांना सांग, आपल्या मातीत एक चाक पार सुटतं. दात्यांच्याला त्या सुटल्या चाकाकडून थोडा तरी टेकू लागतो. तिकडं काहीच न्हाई म्हणलं की त्यो बी हात टेकतो. प्लेटा दाबून धरतात."

याच सुमारास दादानं आणखी एक निरोप दिला. "अप्पाला सांग, पुण्याला एका गॅरेजात मला बोलावलंय. दिवाळी झाली की जायलोय. गाडी पुरी करून देतो आणि जातो." हा निरोप मला मऊ करता आला नाही. जसा होता तसा दिला. अप्पांनी काउंटरवरच्या बेअरिंगाचा कागद पुन्हा नीट गुंडाळला. "जाऊ दे म्हणावं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी मायनं केलेले धपाटे तसेच राहिले, दह्याला पाणी सुटलं. मला पहिल्यांदा भीती वाटली. गाडी पुरी झाली की दादा जाणार, आणि हा अबोला तसाच घेऊन जाणार. पुण्याहून कुणी कुणाला निरोप पाठवत नसतं.

चाचांना उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा दोघांनीही अंग काढून घेतलं. दादाचं ऐकलं तर अप्पांना माघार घ्यावी लागणार, अप्पांचं ऐकलं तर दादाला, आणि माघार घ्यायची तर तोंड उघडावं लागतं. अप्पा म्हणाले, "फोन तुझ्याच हातात असतो. तुला वाटंल ते सांग." दादा म्हणाला, "तूच सांग. मला काय, मी जाणार." मी दुकानातला फोन उचलला. पलीकडून चाचा म्हणाले, "बोलो बेटी, कौनसा बाँधूँ? सोच के बोलना, बाद में वापस नक्को करना."

मी प्लेटांचा सांगितला. फोन ठेवून दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपली माती बघून प्लेटांचाच बरा." हे कारण खरं होतं. पण माझं कारण ते नव्हतं. दात्यांचा एकदा बसवला की तोंड बघायचं काम नाही, आणि प्लेटांचा सारखा उघडावा लागतो, हे अप्पांनीच मला सांगितलं होतं. मला उघडावा लागणारा हवा होता.

पेटी आली. फळ्यांच्या आत गोणपाट, गोणपाटात तो गोळा, आणि त्याच्यासोबत कागदाचा चिटोराही नाही. बसवायचं काम फार नाजूक असतं. दाते दात्यांवर नेमके कुठं टेकतात हे बघायला अप्पा शेंदूर तेलात कालवायचे, दात्यांना लावायचे आणि हळूहळू फिरवून डाग कुठं पडला ते निरखायचे. "मारुतीला लावायचा शेंदूर ह्या धुडाला लावायलेत," माय उंबऱ्यातून म्हणायची. डाग दात्याच्या मधोमध पडेपर्यंत अप्पा पातळ चकत्या काढायचे, घालायचे, आणि दादा काही न बोलता हवी ती चकती त्यांच्या हाताशी आणून ठेवायचा. मला त्या दिवसांत फार बोलावं लागलं नाही. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

काकवीसारखं जाड नव्वद नंबरचं ऑइल दुकानातल्या पिंपातून भरलं आणि दादानं गाडी बाहेर काढली. सरळ छान गेली. चिंचेला वळसा घालताना मात्र तिच्या मागून असा आवाज निघाला की माय चुलीपुढून उठून आली. खोल, लांब, दुखल्यासारखा. दादानं गाडी थांबवून मला बोलावलं. "अप्पाला म्हणावं, वळताना रेड्यावानी हंबरायली." अप्पा पलीकडं दुकानात गिऱ्हाइकांच्या गलक्यात होते. मी जाऊन म्हणाले, "दादा म्हणतो, मागून जरा आवाज यायलाय." रेडा वगैरे मी गाळलं. गिऱ्हाइकांपुढं बरं दिसलं नसतं. अप्पा म्हणाले, "प्लेटा बघायला सांग." दादानं गोळा उतरवला, उघडला, प्लेटा पुसून बघितल्या. प्लेटा चांगल्या होत्या. परत बसवला, परत आवाज. मी परत जाऊन "आवाज यायलाय" म्हणाले. परत उघडला. गणपती गेले, नवरात्र आलं, हंगामाच्या गर्दीत अप्पांना काउंटर सोडता येईना, आणि तो गोळा शेडमधल्या फळीवर उघडा पडलेला. मी चहा नेऊन द्यायची, निरोप नेऊन द्यायची, आणि मनात म्हणायची, चाललंय ते चालू दे.

दसरा झाल्यावरची ती दुपार. मी धपाट्यांचं पीठ मळत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. दादानं पुन्हा एकदा गाडी चिंचेभोवती फिरवली आणि "उमे!" म्हणून हाक मारली. मी "आले, आले," म्हणत हात खरवडत होते. त्याचा धीर सुटला. तो गाडीतूनच घराकडं तोंड करून ओरडला, "उमे, अप्पाला म्हणावं, अजून बी रेड्यावानीच हंबरायली!"

त्याच वेळी दुकानात एक शेतकरी अप्पांना आपल्या नव्या ट्रॅक्टरचं गाऱ्हाणं सांगत होता. नव्या ट्रॅक्टरांचे ब्रेक ऑइलात बुडलेले असतात, आत प्लेटांचीच चवड. त्याला खास ऑइल लागतं. लोक सवयीनं साधं नव्वद नंबर ओततात आणि मग ब्रेक दाबला की ट्रॅक्टर हंबरतो. दर आठवड्याला असा एकजण यायचा, आणि अप्पा त्याला झापायचे: "प्लेटांच्या गाडीला साधं तेल घालतो का कुणी?" त्या दिवशी हे वाक्य त्यांच्या तोंडात अर्धं होतं, तेवढ्यात अंगणातून दादाचा शब्द आला.

मी स्वयंपाकघरात उभी होते. दुकानाकडून आवाज आला, "बसू!"

पाच महिन्यांनी.

"बसू, बंद कर गाडी! तेल कोणतं घातलंय आपुन?"

मग दादाचा आवाज, अगदी लहान मुलासारखा: "नव्वद नंबर, अप्पा."

"आपुन रोज लोकायला शिव्या घालतो, अन् आपुनच..."

"ट्रॅक्टरच्या ब्रेकचं ऑइल मिसळून बघू का?"

"थोडं. अंदाज घे आधी. थांब, मी येतो."

मी बाहेर आले तेव्हा अप्पा काउंटर तसंच टाकून अंगण ओलांडत होते. ते माझ्या अगदी जवळून गेले. दादा पिंपाकडून डबा घेऊन येत होता, तोही जवळून गेला. दोघं गाडीमागं उकिडवे बसले आणि एकमेकांशी बोलायला लागले, एकाच्या वाक्यात दुसरा, पाच महिन्यांचं तुंबलेलं. दोघांच्या बोलण्यात रेडा होता, शिव्या होत्या, हसू होतं. मला कुणी हाक मारली नाही. एखादा इंजिनिअर हे वाचेल तर आमच्या त्या मिसळलेल्या तेलाला नाक मुरडेल, पण ते तेल घालून फिरवल्यावर गाडी चिंचेभोवती गपगार वळली.

मी आत गेले. माय तव्यापुढं बसली होती. "बोलले ना?" म्हणाली, तिचे डोळे भरले होते.

"बोलले."

"मग तुझं तोंड का असं?"

मी पीठ मळायला घेतलं. घर ज्याची वाट बघत होतं ते झालं होतं, आणि मला मात्र कुणीतरी माझ्या हातातलं काढून घेतल्यासारखं वाटत होतं. मी तेव्हा ते स्वतःलाही सांगितलं नाही. आज त्याच काउंटरवर अप्पांच्या खुर्चीत बसून लिहिते आहे, म्हणून सांगते: त्या दुपारी, त्या दोघांचं हसणं ऐकून, मला वाटलं की तेल सापडायला नको होतं.

दिवाळी झाली. दादाच्या जाण्याला अप्पांनी आडकाठी केली नाही. उलट गाडी काढून ते स्वतः त्याला स्टेशनवर सोडायला गेले. लिंगाचा विषय कुणी काढला नाही. मी आणि माय फाटकात उभ्या राहिलो. वळणावर गाडी काही न बोलता वळली आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतर दुकान फार शांत झालं. मी पूर्वीसारखीच दुपारचा चहा घेऊन शेडमध्ये जायची, आणि दारात गेल्यावर कळायचं की माझ्याकडं सुरुवातच नाही. इतके दिवस माझं प्रत्येक वाक्य "दादा म्हणतो" इथून सुरू व्हायचं. आता दादा पुण्याहून फोनवर अप्पांशीच बोलायचा. मी चहा ठेवायची, अप्पा "हं" म्हणायचे, मी परत फिरायची.

एका दुपारी अप्पांनी मला थांबवलं. ते गाडीच्या मागं स्टुलावर बसले होते, कप हातात. माझ्याकडं न बघता म्हणाले, "उमे, एक विचारू? तू प्लेटांचाच का सांगितलास?"

या प्रश्नात दादा नव्हता. कुणाला काही पोचवायचं नव्हतं. मला आठवतं तेव्हापासून अप्पांनी मला माझ्याविषयी विचारलेली ती पहिली गोष्ट होती, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं: तो उघडावा लागतो म्हणून, अप्पा. तुमी दोघांनी एका जागी बसावं म्हणून, आणि मी मधी उभं राहावं म्हणून. इतकंच म्हणायचं होतं. त्यांना कळलं असतं. कदाचित ते हसले असते.

मी म्हणाले, "आपल्या मातीत एक चाक पार सुटतं ना. म्हणून."

"बरोबर हाय," अप्पा म्हणाले. "बरोबर हाय तुझं."

चहा संपला होता. तरी त्यांनी कप लगेच खाली ठेवला नाही. तो दोन्ही हातांत धरून ते आणखी काही वेळ तसेच बसून राहिले, मी अजून काही म्हणेन असं वाटल्यासारखे. हे मी पाहिलं होतं. पाहूनच मी हात पुढं केला, कप घेतला आणि आत गेले.